कोलेस्टेरॉलची सहामाही सुई

इंजेक्शन टोचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. त्याआधीची तयारी मात्र दोन-तीन महिने चालते, आणि लोक कंटाळतात ते तिथेच. इन्क्लिसिरान हे आरएनएवर आधारलेलं औषध आता सांगली-मिरजेत मागवून मिळतं, त्यामुळे हृदयरोगाच्या ओपीडीत त्याची चौकशी वाढली आहे. कुणाच्या पुण्यातल्या साडूने ते घेतलेलं असतं, कुणाच्या मुलाने मोबाइलवर काहीतरी पाठवलेलं असतं. "वर्षाला दोन सुया घेतल्या की गोळ्या सुटतात म्हणे" हे वाक्य ठरलेलं. पहिलं वर्ष सोडलं तर दोन सुया खऱ्या. गोळ्या सुटण्याचं खरं नाही.

सुईबद्दल बोलण्याआधी आम्ही रिपोर्ट मागतो, तेही मागचे सगळे. कारण अनेक लॅबमध्ये एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं वाईट कोलेस्टेरॉल, मोजलेलं नसतं, काढलेलं असतं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा (रक्तातल्या दुसऱ्या चरबीचा) पाचवा हिस्सा वजा करायचा, उरेल ते एलडीएल. फ्रीडवाल्ड यांचं हे १९७२ सालचं सूत्र ट्रायग्लिसराइड दीडशेच्या आसपास असेल तोवर बरं चालतं. पण चैत्रातल्या जत्रा झाल्या, पाहुण्यांच्या पंगतीत चार दिवस मटण-रस्सा झाला, सोबत पिणंही झालं, आणि माणूस त्याच आठवड्यात तपासणीला आला की ट्रायग्लिसराइड साडेतीनशे निघतं. समजा एकूण १५०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड ३५०. सूत्राने एलडीएल येतं ४०, आणि घरातले खूश होतात. प्रत्यक्षात ते याहून बरंच जास्त असू शकतं. ४०० च्या वर तर सूत्र वापरूच नये. अशा वेळी 'डायरेक्ट एलडीएल' सांगावं, नाहीतर नॉन-एचडीएल बघावं. ते एकूणातून एचडीएल वजा करून मिळतं, इथे ११०. त्याला उपाशीपोटी असण्याचीही गरज नाही. लाखाच्या औषधाचा निर्णय ज्या आकड्यावर घ्यायचा तो आकडा आधी खरा पाहिजे, आणि पुढच्या तपासण्याही शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने व्हायला पाहिजेत.

आकडा खरा निघाला, मग तो वाढला कशाने? टीएसएच (थायरॉइडसाठी), लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एसजीपीटी (यकृतासाठी) आणि साखर एवढ्या तपासण्या एकदा होऊन जाऊ द्याव्यात. थायरॉइड मंदावलेला असेल तर एलडीएल वाढतं आणि त्याच माणसाचे स्नायूही दुखतात. मग दोष कोलेस्टेरॉलच्या गोळीवर जातो आणि खरं कारण तसंच राहतं. लघवीतून प्रथिन जात असेल तरी कोलेस्टेरॉल चढतं. आणखी एक गोष्ट आपल्याकडे मुद्दाम विचारावी लागते: गुडघेदुखीसाठी कुठून तरी आणलेल्या, नाव-गाव नसलेल्या पुड्या. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असलं तर साखर आणि चरबी दोन्ही बिघडतात. पेशंट स्वतःहून ते सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषध नसतंच.

यानंतर गोळ्यांची पाळी. स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीची पुरेशी मात्रा, म्हणजे रोझुवास्टॅटिन २० किंवा अॅटोरवास्टॅटिन ४० मिलिग्रॅम, एलडीएल साधारण निम्म्यावर आणते. त्यापुढे मात्रा दुप्पट केली तरी आणखी सहा टक्क्यांच्या आसपासच फरक पडतो, म्हणून तिथे अडून राहण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा इझेटिमाइब १० मिलिग्रॅम जोडावी. आहे त्या आकड्यातले अंदाजे वीस टक्के ती कमी करते. मूळ १९० असेल तर स्टॅटिनने ९५, इझेटिमाइबने ७६. सुई त्यावर दिली तर ७६ चे ३८. हा हिशेब आम्ही पेशंटच्या फाइलवर पेनाने मांडतो, कारण पुढे कामाला तोच येतो.

गोळ्या 'सोसत नाहीत' म्हणून सुई मागणारे बरेच असतात. त्यातले काही खरे असतात. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही दंड सारखेच दुखणं, गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत थांबणं आणि पुन्हा सुरू केल्यावर परतणं, अशी साखळी जुळली तर मानायचं. एकच गुडघा, एकच खांदा किंवा टाच दुखत असेल तर गोळीचा संबंध नसतो. सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) तपासावं. ते वरच्या मर्यादेच्या दहापटीपलीकडे असेल तर गोळी लगेच बंद. नाहीतर मात्रा कमी करून, दुसरं स्टॅटिन देऊन किंवा एक दिवसाआड घेऊन बघता येतं. तेही जमलं नाही तर बेम्पेडोइक अॅसिड १८० मिलिग्रॅम आहे. ते स्नायूंत सक्रिय होत नाही, पण यूरिक अॅसिड वाढवतं, त्यामुळे गाउटवाल्याला (यूरिक अॅसिडने सांधे सुजतात त्याला) जपून. ब्रिटनमधल्या सॅमसन चाचणीत लोकांना आळीपाळीने स्टॅटिन, औषध नसलेली नकली गोळी आणि काहीच नाही असं दिलं होतं. स्टॅटिनवर जो त्रास झाला त्यातला सुमारे नव्वद टक्के नकली गोळीवरही झाला. हे पेशंटला सांगताना शब्द जपून वापरावे लागतात. दुखणं खरंच असतं, फक्त त्याचं कारण वेगळं असतं.

मग सुई नेमकी कुणाला? स्टेंट पडलाय, अटॅक येऊन गेलाय, बायपास झालीय किंवा अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय, अशांसाठी कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ च्या मार्गदर्शनात ५५ च्या खाली हे लक्ष्य ठेवलंय. लिपिड असोसिएशन ऑफ इंडिया अतिधोक्याच्या गटात ५० आणि काहींसाठी ३० पर्यंत जाते. दोन्ही गोळ्या पुरेशा मात्रेत चार ते सहा आठवडे न चुकता घेऊनही आकडा लक्ष्याच्या वर राहिला, तर सुईचा विचार सुरू होतो. दुसरा गट घराण्यातून आलेल्या कोलेस्टेरॉलचा. ज्याचं एलडीएल ७० आहे, छातीत कधी दुखलेलं नाही आणि 'सेफ्टीसाठी' सुई हवी आहे, त्याला आम्ही परत पाठवतो. पैसे त्याचे असले तरी.

औषध करतं काय, हे ऊसपट्ट्यात समजावणं सोपं जातं. यकृताच्या पेशींवर एलडीएल उचलणारे रिसेप्टर असतात. ते एलडीएल पकडून आत नेतात, आत उतरवतात आणि पुन्हा वर येतात, जशी कारखान्यावर ऊस उतरवून रिकामी ट्रॉली पुढच्या खेपेसाठी फडाकडे निघते. पीसीएसके९ नावाचं प्रथिन त्या रिसेप्टरला चिकटलं की त्याची परतीची वाट बंद होते आणि मालाबरोबर ट्रॉलीही भंगारात जाते. पीसीएसके९ कमी झालं की ट्रॉल्या वाचतात आणि रक्तातलं एलडीएल उचललं जातं. याच प्रथिनावरची दुसरी, अँटिबॉडीची इंजेक्शनं, म्हणजे इव्होलोक्युमॅब आणि अॅलिरोक्युमॅब, तयार झालेल्या पीसीएसके९ ला रक्तात गाठून निकामी करतात. इन्क्लिसिरान एक पायरी अलीकडे काम करतं. ते दोन पदरी छोटं आरएनए आहे. पेशीत शिरल्यावर त्याचा एक पदर रिस्क नावाच्या यंत्रणेत बसतो आणि पीसीएसके९ बनवायचा निरोप नेणारा आरएनए जिथे दिसेल तिथे कापला जातो. एक निरोप कापून झाला की तोच पदर पुढचा शोधतो, म्हणून थोड्या औषधात काम बरेच महिने चालतं. रक्तातून औषध ४८ तासांच्या आत नाहीसं होतं. परिणाम टिकतो तो यकृतात.

ते यकृतातच का जातं, शरीरभर का पसरत नाही? त्याला गॅलनॅक नावाच्या शर्करेच्या तीन कड्या जोडलेल्या असतात, आणि त्यांना ओळखणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर भरपूर असतात. आरएनए औषधांच्या आधीच्या खेपेला ही सोय नव्हती. २०१३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं मिपोमर्सेन दर आठवड्याला टोचावं लागायचं आणि यकृतावर त्याचा ताण पडायचा. ते टिकलं नाही. इन्क्लिसिरानला युरोपात डिसेंबर २०२० मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

'आरएनए' म्हटलं की कोरोनाच्या लसीचा प्रश्न येतोच. आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन या आरएनए लसी नव्हत्याच. आरएनए लस पेशीला एखादं प्रथिन बनवायला लावते, हे औषध एक प्रथिन बनणं थांबवतं. डीएनएला दोन्ही हात लावत नाहीत.

आता खरेदी. एका सुईची किंमत लाखाच्या घरात जाते आणि पहिल्या वर्षी तीन लागतात: आज, तीन महिन्यांनी, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी. पुढे दर सहा महिन्यांनी एक. गल्लीतल्या मेडिकलवाल्याकडे ती पडून नसते, स्टॉकिस्टकडून मागवावी लागते, म्हणून तारखेच्या आठवडाभर आधी ऑर्डर गेलेली बरी. बिलावर बॅच नंबर आणि मुदत लिहून घ्यावी, खोका फेकू नये. मेडिक्लेमचं उत्तर बहुधा 'नाही' असतं, कारण हा ओपीडीतला उपचार. काही जण सुचवतात, एक दिवस ॲडमिट दाखवा. नुसत्या सुईसाठी भरती दाखवली तर क्लेम फेटाळला जाण्याचीच शक्यता जास्त, शिवाय ते खोटंही आहे. पॉलिसीत मोनोक्लोनल अँटिबॉडीच्या इंजेक्शनचा उल्लेख सापडला तरी हुरळून जाऊ नये. इन्क्लिसिरान त्या वर्गातलं औषध नाही. आणि चौथी-पाचवी सुई परवडणार नसेल तर पहिली घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तेवढ्या पैशात गोळ्या कितीतरी वर्षं येतात.

साठवणीत मात्र हे औषध अँटिबॉडीपेक्षा सोपं आहे. अँटिबॉडीची इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात आणि दोन आठवड्यांनी किंवा महिन्याने घ्यावी लागतात. जत-आटपाडीकडे, जिथे दुपारची लाइट जाते, तिथे फ्रिजचा भरवसा नाही. इन्क्लिसिरानला फ्रिज लागत नाही, ३० अंशांखाली राहिलं की पुरे, आणि गोठू द्यायचं नाही. पण एप्रिल-मेमध्ये उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत तापमान कुठल्या कुठे जातं. सुई घेतली की सरळ दवाखान्यात आणावी. मधे बाजार, बँक, तहसील अशी कामं उरकत बसू नये. आणि 'थंडीत बरं' म्हणून बर्फाच्या कप्प्यातही ठेवू नये.

टोचण्याच्या दिवशी उपाशी यायची गरज नाही, रोजच्या गोळ्या घेऊनच यावं. आधीच भरलेली सिरिंज येते. त्यात दीड मिलिलिटर द्रव आणि २८४ मिलिग्रॅम इन्क्लिसिरान असतं. उजेडात धरून बघायचं: द्रव स्वच्छ, रंगहीन किंवा किंचित पिवळसर हवा. गढूळ असेल, कण दिसत असतील तर वापरायचं नाही. जागा पोटाची, बेंबीपासून दोन बोटं सोडून. दंड किंवा मांडीही चालते. जिथे पुरळ, जखम, उन्हाने भाजलेली कातडी किंवा सूज आहे ती जागा टाळावी. ऑपरेशनच्या वणावर टोचू नये, बायपासवाल्यांच्या मांडीवर-पायावर वण असतात तेही बघावेत. स्पिरिटने पुसून ते वाळू द्यायचं, कारण ओल्यावर टोचलं की झोंबतं. चिमटीत कातडी धरून सुई चरबीच्या थरात, स्नायूत नाही. दट्ट्या सावकाश पूर्ण दाबायचा. दीड मिलिलिटर म्हणजे इन्सुलिनच्या नेहमीच्या मात्रेपेक्षा बरंच जास्त, त्यामुळे घाईने ढकललं की दुखतं आणि सुई लगेच ओढली तर थेंबभर बाहेर येतं. काही सेकंद थांबून मग काढावी. जागा चोळायची नाही. आमची नर्स फाइलवर तारीख, बॅच आणि 'डावं पोट' की 'उजवं पोट' हे लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी बाजू बदलते. इन्सुलिन घरी स्वतः घेणारे विचारतात, हेही आम्हीच टोचू का? नाही. हे आरोग्य कर्मचाऱ्यानेच द्यायचं औषध आहे.

त्रास होतो तो बहुतेक टोचल्या जागेचाच: लालसरपणा, थोडी सूज, दाबल्यावर दुखणं. मोठ्या चाचण्यांत औषध घेतलेल्यांपैकी सुमारे आठ टक्क्यांना असं झालं, नुसतं पाणी टोचलेल्यांपैकी सुमारे दोन टक्क्यांना. ते आपोआप जातं. सांगलीची हळद कितीही नावाजलेली असली तरी तिचा लेप तिथे लावू नये. पिवळ्या कातडीवर लाली दिसत नाही आणि वाढतेय की उतरतेय तेच कळत नाही. स्टेंटनंतर अॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल चालू असलेल्यांना छोटासा निळा डाग पडतो. टोचल्यावर दोन-तीन मिनिटं कापूस दाबून धरला की तोही कमी होतो. त्यासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करायच्या नाहीत.

एलडीएल दोन आठवड्यांतच उतरायला लागतं आणि एक ते दोन महिन्यांत साधारण निम्म्यावर येतं. म्हणून आठव्या दिवशी रिपोर्ट काढून 'फरकच नाही' म्हणण्यात हशील नाही. आम्ही महिन्यानंतर एकदा आणि दुसऱ्या सुईच्या आधी एकदा बघतो.

सगळ्यात जास्त गाडी घसरते ती इथे. रिपोर्टवर ३८ दिसतं आणि पेशंट गोळ्या सोडतो. घरी कुणाला सांगत नाही, आम्हालाही नाही. पुढच्या रिपोर्टला आकडा ९० च्या पुढे, आणि बोलणं सुरू होतं की औषध बनावट निघालं. फाइलवरचा हिशेब तेव्हा काढतो. मूळ १९०, गोळ्या नाहीत, नुसत्या सुईने निम्मे म्हणजे ९५. गोळ्यांवर असताना, सुई घेण्याआधी, हाच आकडा ७६ होता. म्हणजे लाख रुपये घालवून माणूस पहिल्यापेक्षा मागे गेला. औषध बनावट असल्याची शंका घेण्याआधी मेडिकलच्या दुकानातली गोळ्यांची बिलं बघावीत.

तारखांचंही असंच. दसऱ्याला एक आणि पाडव्याला एक, असं लक्षात ठेवायला सोपं वाटतं आणि दोन्हींत अंतरही साधारण सहा महिन्यांचं. पण अधिक महिना आला की हे मोडतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. पाडवा १९ मार्चला आणि दसरा २० ऑक्टोबरला, म्हणजे सात महिने. इंग्रजी तारीखच फाइलवर आणि मोबाइलमध्ये घालावी. उशीर तीन महिन्यांच्या आत असेल तर सुई घेऊन मूळ वेळापत्रकच पुढे चालवायचं. तीन महिन्यांहून जास्त झाला तर सगळं पहिल्यापासून: एक सुई, तीन महिन्यांनी दुसरी, मग सहामाही. खर्चाच्या दृष्टीने ही चूक महागात पडते. अँटिबॉडीच्या इंजेक्शनवरून इकडे येणाऱ्यांनी दोन्ही एकत्र चालू ठेवायची नाहीत. मूत्रपिंडाच्या आजारात मात्रा बदलावी लागत नाही, मात्र डायलिसिसवर असलेल्यांना सुईनंतर ७२ तास डायलिसिस टाळायचं असतं, म्हणून वार आधी ठरवून घ्यावा. गरोदर बाईला हे देत नाहीत.

एक गोष्ट पेशंटपासून लपवू नये. ओरायन-१० आणि ओरायन-११ या इन्क्लिसिरानच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत १७ महिन्यांनी एलडीएल अनुक्रमे ५२ आणि ५० टक्क्यांनी कमी होतं. पण एलडीएल उतरणं आणि अटॅक टळणं या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. अँटिबॉडीच्या इंजेक्शनांनी अटॅक कमी होतात हे २०१७ आणि २०१८ च्या मोठ्या चाचण्यांत दिसलंय. इन्क्लिसिरानसाठी तो प्रश्न ओरायन-४ आणि व्हिक्टोरियन-२ प्रिव्हेंट या चाचण्यांकडे आहे. नुकताच अटॅक येऊन गेलेला, घरी फ्रिज असलेला, दोन आठवड्यांनी न चुकता टोचून घेणारा पेशंट असेल तर आम्ही आजही अँटिबॉडीकडे कलतो. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, वंशाने येणारा चरबीचा कण) वाढलेलं असल्याचा रिपोर्ट घेऊन येणाऱ्यांना इन्क्लिसिरानने त्यात थोडीच घट मिळते. त्यासाठीची खास आरएनए औषधं, पेलाकार्सेन आणि ओल्पासिरान, चाचण्यांत आहेत. तोवर त्यांनी एलडीएल आणखी खाली ठेवावं.

राहिलं घराणं. उपचाराआधी एलडीएल १९० च्या वर, टाचेमागची दोरीसारखी शीर (कंडरा) जाड, पंचेचाळिशीच्या आत बुबुळाभोवती पांढुरकी कडा, किंवा वडील-काका पन्नाशीत अचानक गेलेले, अशी माहिती मिळाली की तो एकट्याचा आजार राहत नाही. प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न अजून होतं. नवरा-बायको दोघांतही हा दोष असला तर चारात एका मुलाला तो दोन्हीकडून येऊ शकतो. अशा मुलाच्या कोपरांवर, गुडघ्यांवर लहानपणीच पिवळसर गाठी दिसतात आणि एलडीएल ४०० च्याही पुढे असू शकतं. त्याच्याकडे रिसेप्टरच नसतील तर इन्क्लिसिरानचा उपयोग जवळपास शून्य, कारण वाचवायला ट्रॉल्याच नाहीत. त्याला वेगळे उपचार लागतात, तेही मोठ्या केंद्रात. म्हणून घराण्यातल्या कोलेस्टेरॉलची सुई लिहून देताना त्याच कागदावर भाऊ, बहीण आणि मुलांची नावं घेतो आणि प्रत्येकासमोर लिपिड प्रोफाइल लिहितो. मुलांचं पाचव्या ते दहाव्या वर्षाच्या दरम्यान झालं पाहिजे. त्याला काही शे रुपये लागतात.